पातेल्याच्या बुडाचे तीन हिरवे ठिपके

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनो, तुम्हीही या. सतरंजी मोठी आहे आणि आवाज लहान. एका पातेल्याची गोष्ट सांगायची आहे. सोन्याचं नव्हे, चांदीचं नव्हे, साधं इनॅमलचं पातेलं. बाहेरून निळं, आतून दुधासारखं पांढरं, काठाला काळी किनार, एका कानापाशी टवका उडालेला. पण त्या एका भांड्यानं एका चांगल्या शहाण्यासुरत्या बाईला असं चक्रावून सोडलं, की तिच्याबरोबर आपणही थोडं चक्रावू या. त्यात काही वाईट नाही. देवानं माणसाला सगळंच कळू दिलं असतं, तर आपण त्याच्या दारात कशाला गेलो असतो?

बाईचं नाव वगीहा. नाईलच्या दोन फाट्यांमध्ये कापसाची शेतं पसरली आहेत, तिथं कफ्र सनादील नावाचं गाव आहे. तिथल्या पोस्टात तिनं छत्तीस वर्षं काढली. ज्या पत्रावरचा पत्ता कुणालाच लागत नाही, ते पत्र तिच्या टेबलावर यायचं. ‘मशिदीमागे, जिची म्हैस मेली तिच्या शेजारी’ एवढ्यावरून ती पत्र बरोबर त्या दारात पोचवायची. गावात म्हणत, वगीहाबाईंच्या हातात पाकीट द्या, त्या वासावरून घर सांगतील.

अशा बाईला स्वतःच्या बापाचा पत्ता मात्र ठाऊक नव्हता.

बाप मितवल्ली. तो कैरोला इनॅमलच्या कारखान्यात होता. सत्तेचाळीस साली पटकीची साथ आली तेव्हा गावी परतला आणि तिसऱ्या दिवशी गेला. वगीहा पाच वर्षांची होती. सरकारी माणसं आली, चुना टाकला, आणि कालव्यापलीकडच्या एका मोठ्या खड्ड्यात बाकीच्यांबरोबर त्यालाही ठेवलं. पुढे ती जागा सपाट झाली, तिथं बसचा डेपो उभा राहिला. सणाच्या सकाळी सगळं गाव खजुरीच्या झावळ्या आणि गोड रोट्या घेऊन आपापल्या कबरींवर जातं. वगीहा झावळी घेऊन डेपोच्या भिंतीशी उभी राहायची. एखादा नवा कंडक्टर विचारायचा, “कुठं जायचंय, खाला? तांताची गाडी आत्ताच गेली.”

“जायचं नाही, बाळा. भेटायला आलेय,” ती म्हणायची. कंडक्टर इकडंतिकडं बघायचा, कुणाला ते काही त्याला कळायचं नाही.

आता पातेलं. ते तिच्या आईच्या कपाटावर असायचं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. आई फहीमा लोकांचे कपडे शिवून तीन पोरं वाढवत होती. घरात धड भांडं नव्हतं. मसूर शिजायचा तो तुपाच्या रिकाम्या डब्यात. तरी त्या पातेल्यात तिनं कधी पाणीसुद्धा तापवलं नाही. वर्षातून एकदा, मोठ्या ईदेच्या आधी, ती ते खाली काढायची, साबणाच्या पाण्यानं धुवायची, आत बराच वेळ बघत राहायची आणि पुन्हा चादरीत बांधून ठेवायची. वगीहानं एकदाच विचारलं. आई म्हणाली, “हात नको लावूस.” बस्स, एवढंच.

पोरीनं मग आपला हिशेब आपणच मांडला. बाप इनॅमलच्या कारखान्यात होता. घरात इनॅमलचं भांडं एकच. आई त्याला जिवापलीकडं जपते. म्हणजे ते बापानं घडवलेलं. यात न पटण्यासारखं काय आहे? तुम्ही-आम्हीही तेच म्हटलं असतं. आई गेल्यावर पातेलं तिच्याकडं आलं. बुडाला तीन हिरवे ठिपके होते, त्रिकोणात. ती ते बापाची सही समजून त्यांच्यावरून बोट फिरवायची.

गावात सिदी नुइमान यांचा दर्गा आहे. उरुसाच्या आठ दिवसांत तिथली चूल विझत नाही. जो येईल तो जेवतो. कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. पण पहिला घास उचलायच्या आधी एक रीत आहे. भंडाऱ्याचे कारभारी उभे राहतात आणि भिंतीवरच्या पाटीतली नावं वाचतात. ज्यांचा ज्यांचा हात या अन्नाला लागला त्यांची नावं. कुणी विहीर खणून दिली, कुणी चूल बांधली. एकेका नावाला सगळी पंगत ओंजळी उघडते आणि फातिहा म्हणते. गेलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? कबर असो नसो, वर्षाचे आठ दिवस चारशे तोंडांतून त्याचं नाव जातं.

त्या वर्षी वगीहा त्रेसष्ट वर्षांची होती. उरुसाला दोन आठवडे होते. बायकांबरोबर तीही दर्ग्याच्या मुदपाकखान्यातली जुनी भांडी धुवायला गेली होती. एक मोठा निळा थाळा तिनं धुतला, निथळायला पालथा घातला, आणि तिचा हात तिथंच राहिला. बुडाला तीन हिरवे ठिपके, त्रिकोणात.

तिनं दुसरा पालथा केला. तिसरा. परातीएवढे थाळे, दोन चहाच्या किटल्या, झाकणाची चार पातेली. सगळी मिळून अठरा निघाली. अठराही भांड्यांच्या बुडाला तेच ठिपके.

ती तशीच ओल्या हातांनी हाजी बय्यूमींकडे गेली. हे भंडाऱ्याचे कारभारी. देह मोठा, मन मऊ, आणि सवय अशी की प्रश्न विचारून उत्तर आपणच द्यायचं.

“हाजी, ही भांडी माझ्या वडलांनी केलेली आहेत.”

“कोणती? ही? कुणी सांगितलं? कुणीच नाही ना? बघा!”

“माझ्या घरी त्यांचं पातेलं आहे. हीच खूण.”

बय्यूमींनी थाळा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, पुन्हा उलटा केला. “भांडी आहेत आमच्या आजोबांच्या वेळेपासून. कुणी दिली? माहीत नाही. कुणी केली? कोण जाणे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, पाटी यंदा नव्यानं रंगवायची आहे. तुमचे वडील असतील तर नाव घालू, आनंदानं घालू. पण नाव एकदा चढलं की कयामतीपर्यंत वाचलं जाणार. तेव्हा नीट शोध काढा. उरुसाच्या आदल्या गुरुवारी रंगारी येतोय, तोवर सांगा.”

वगीहा घरी आली ती रडत आणि हसत. अठ्ठावन्न वर्षं बापाला कुठं शोधायचं ते कळत नव्हतं, आणि तो सापडला होता थाळ्याखाली. आता फक्त पत्ता पक्का करायचा होता. आणि पत्ते लावणं तर तिचा हातखंडा.

पण मंडळी, पाकिटावर निदान अक्षर असतं.

पहिल्यांदा ती भंगारवाल्या अंतरकडे गेली. त्याच्या तीनचाकीवर जगातलं सगळं मोडकं सामान. पातेलं बघताच तो म्हणाला, “अल्ला! हे सुलतानाच्या मुदपाकखान्यातलं. मला द्या, खाला, तुमच्यासाठी नवी शेगडी आणतो.”

“विकायचं नाही. कुणी केलं तेवढं सांग.”

“विकायचं नाही?” त्यानं पातेलं परत तिच्या हातात दिलं. “मग साधंच आहे.”

तांता शहरात जुन्या वस्तूंचं दुकान होतं. तिथल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी पातेलं उजेडात धरलं आणि सांगितलं, हा निळा ऑस्ट्रियाचा. जहाजानं अलेक्झांड्रियाला यायचा. शेजारी चहा पीत बसलेले त्यांचे मित्र म्हणाले, छे, हा बोहेमियाचा. ऑस्ट्रियाच्या निळ्यात जरा जांभळं असतं. दोघांचं तिथंच जुंपलं. एकानं खुणांचं जाड पुस्तक काढलं: सिंह, घंटा, तारा, मुकुट, कोंबडा. तीन ठिपके कुठंच नव्हते. “मग हे आपल्याकडचंच,” पहिले म्हणाले. “म्हणजे नकली,” दुसरे म्हणाले. वगीहानं शाळेच्या वहीत तिन्ही उत्तरं लिहून घेतली आणि बसमध्ये वाचून पाहिली. एकच भांडं तीन देशांत जन्मलं होतं. तिला वाटलं, आपण आलो त्यापेक्षा थोडं कमीच घेऊन चाललो आहोत.

निघताना त्या चष्मेवाल्यांनी एक पत्ता मात्र दिला होता. कैरोच्या शुब्रा भागात उस्ताद फिक्री म्हणून कुणी होते, इनॅमलच्या भट्टीवरचे शेवटचे माणूस, वय नव्वदीला आलेलं. ती पातेलं मांडीवर घेऊन आगगाडीनं गेली.

उस्ताद खाटेवर बसले होते. डोळे अधू, पण हात अजून मोठे. त्यांनी पातेलं बघितलंच नाही. बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कान लावला.

“चांगलं भाजलंय,” ते म्हणाले. “आतून कुठं फुटलं नाही.”

“कुणी केलं, उस्ताद?”

“कुणी म्हणजे?”

“म्हणजे... कुणाच्या हातचं?”

म्हातारा हसायला लागला. “कोणता हात सांगू, पोरी? एकजण पत्रा दाबतो. एकजण तेजाबात धुतो. एकजण काचेच्या पिठाच्या लगद्यात बुडवतो आणि असा झटका देतो की ओघळ राहू नये. एकजण काठ पुसून काळी किनार भरतो. मग भट्टीवाला. सात हातांतून जातं तेव्हा तुझ्या चुलीवर येतं. सही कुणी करायची? मुकादम करेल, ज्यानं हातच लावलेला नसतो.”

“माझे वडील होते तुमच्याकडे. मितवल्ली. कफ्र सनादीलचे.”

“मितवल्ली,” ते म्हणाले. “किती मितवल्ली सांगू? एक काणा होता. एक लांबडा होता, दारातून वाकून यायचा. आणि एक गाणारा. भट्टीच्या दाराशी उभा राहून नबींची स्तुती म्हणायचा. घड्याळ कुठं होतं आमच्याकडं! त्याच्या दोन कडव्यांत भांडं पिकायचं. तिसऱ्याला रंग जळायचा. तो आजारी पडला की आमचा माल बिघडायचा.”

वगीहा पुढं सरकली. “तो आमच्याकडचा होता का?”

“असेल. डेल्टातलाच कुणीतरी होता. का काणा डेल्टातला होता?” त्यांनी कपाळ चोळलं. “लांबडा तर नक्कीच नव्हता. का होता?”

तिनं वहीत ‘गाणारा’ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, मग ते खोडलं, मग पुन्हा काढलं. तिचा बाप गायचा का? आई तर कधी बोलली नव्हती.

“आणि हे ठिपके?” तिनं पातेलं उलटं करून त्यांचं बोट बुडाला लावलं. “तीन आहेत.”

“ते तर असणारच. भट्टीत भांडं तीन खिळ्यांच्या टोकांवर ठेवतात, नाही तर बूड चिकटेल. जिथं टोक टेकतं तिथं रंग बसत नाही. बारीक खड्डा राहतो. जगातल्या प्रत्येक भांड्याला असतात ते.”

“पण हे हिरवे आहेत.”

“हिरवे?” त्यांनी नख लावलं. वगीहानं पातेलं झटकन ओढून घेतलं.

“अगं बाई, खरवडू तर दे! भट्टीतला रंग म्हणजे काच. नखानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. रॉकेलचा बोळा फिरव. राहिला तर भट्टीतला. निघाला तर कुठल्या तरी बाईनं घरी बसून लावलेला.”

“नको.”

“नको?” म्हातारा अधू डोळ्यांनी तिच्याकडं बघत राहिला. “मग तीन तासांची गाडी करून आलीस कशाला?”

वगीहा पातेलं काखेत मारून उठली. तुम्हाला याचं उत्तर देता येईल का? हवं ते सापडेल या आशेनं माणूस शंभर कोस जातो, आणि शेवटच्या बोटभर अंतरावरून मागं फिरतो.

गावी येऊन तिनं हाजी बय्यूमींना अर्धंच सांगितलं. भट्टीवर मितवल्ली नावाचा माणूस होता, असं तिथले उस्ताद म्हणाले. हे खोटं नव्हतं. बय्यूमींनी दोन्ही हात वर केले. “झालं तर! आणखी काय पुरावा हवा? काही नको!” गुरुवारी रंगारी आला. दुपारपर्यंत पाटीवर ताज्या अक्षरांत नाव उमटलं: ‘मितवल्ली, ज्यानं ही भांडी घडवली.’ शेजारणींनी गालाला गाल लावून मुबारक म्हटलं. वगीहा ओल्या रंगापुढं उभी राहिली. बापाचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आनंद झाला, आणि उस्तादांचं ‘खरवडू तर दे’ही आठवलं.

शुक्रवारी बायका कांदे सोलायला बसल्या. उरूस रविवारी लागायचा होता. कोपऱ्यात नबविया खाला होती, पंचाहत्तरीची. दर्ग्यात ती कांदे सोलायलाच जन्माला आली असावी, असं सगळ्यांना वाटायचं. कुणीतरी म्हणालं, “खाला, वगीहाबाईंच्या वडलांचं नाव लागलं पाटीवर. ही सगळी भांडी त्यांनी केलेली!”

“केलेली?” नबवियानं सुरी खाली ठेवली. “मग नव्वारा काय करत होती?”

“कोण नव्वारा?”

“आता कोण म्हणता! ही भांडी जिची ती.” तिनं जवळचा थाळा ओढून उलटा केला आणि ठिपक्यावर थापटी मारली. “हे काय आहे? तांब्याच्या भांड्यावर ठोकून नाव घालता येतं. याच्यावर हातोडी मारली तर कपचे उडतात. आणि नव्वाराला कुठं वाचता येत होतं! दर्ग्याचं दार दरवर्षी हिरवं रंगवायचे. डब्यात तळाला उरलेला रंग ती मागून न्यायची आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला त्या तीन खड्ड्यांत बोटानं भरायची. गंजही धरत नाही, आणि लग्नाघरी गेलेलं भांडं ओळखून परत येतं.”

वगीहाच्या हातातला कांदा गळून पडला. “ती कोण होती?”

“आचारीण. लग्नकार्यात रांधायची. ना मूल ना बाळ. दर लग्नसराईला एक भांडं घ्यायची, तेवढीच तिला हौस.” नबविया आता कुणाकडेच बघत नव्हती. “पटकीच्या साली मी सतरा वर्षांची होते. ज्या घरी माणूस जातं तिथं तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारी ताटं पाठवतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या वर्षी शेजाऱ्यांनी कड्या घातल्या. कुणी कुणाच्या दारात जाईना. आम्हीसुद्धा घातली, खोटं कशाला बोलू! नव्वारा एकटी निघायची. भांडं उंबऱ्यावर ठेवायची, दार ठोठावायची आणि चालू लागायची. मसूर, कधी भात. पंधरा दिवसांनी तीच गेली. त्याच खड्ड्यात.”

“आणि भांडी?”

“घरोघरी पडलेली. परत कुणाला करायची? आणि रिकामं भांडं कुणी परत करतं का? मग एकेकानं काही ना काही भरून आणून इथं ठेवलं. अठरा आली. एकोणीस होती. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, एकोणिसावं कुठं गेलं कोण जाणे.”

“मग पाटीवर तिचं नाव का नाही?”

“पाटी मागाहून आली. पुरुषांनी लिहिली. त्यांना भांडी दिसली, भांड्याखाली कोण बघतो?”

“आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“मला विचारलं कुणी?” म्हातारीनं सुरी पुन्हा उचलली. “मला सगळे एकच विचारतात, खाला, कांदा झाला का?”

वगीहा उठली. घरी आली. पातेलं खाली घेतलं, उलटं केलं, स्टोव्हच्या टाकीतून रॉकेल काढलं, कापसाचा बोळा भिजवला. तिनं पहिल्या ठिपक्यावर बोळा ठेवला आणि मनात म्हणाली, राहू दे. देवा, राहू दे.

बोळा हिरवा झाला.

खाली एक बारीक काळा खड्डा राहिला, भट्टीतल्या खिळ्याचा. जगातल्या प्रत्येक भांड्याला असतो तसा.

ती तिथंच जमिनीवर बसली. मग पातेलं सुलटं करून आत बघितलं, आणि त्या क्षणी तिला आई दिसली. ईदेच्या आधी धुतलेल्या पातेल्यात बराच वेळ बघत राहिलेली. आई त्यात बापाला बघत नव्हती. ते केवढं मोठं आहे ते बघत होती. बारा माणसांचं पातेलं. घरात मसूर यायचा ओंजळभर. ते भरायचं कशानं? पुढच्या वर्षी भरू, म्हणत असेल. मग त्याच्या पुढच्या. आणि भरल्यावाचून न्यायचं कसं? रिकामं पातेलं घेऊन भर रस्त्यातून, सगळ्यांच्या देखत? त्यापेक्षा चादरीत बांधून ठेवलेलं बरं. पन्नास वर्षं ती बाई दुसऱ्याच्या भांड्याची राखण करत होती, आणि पोरीला वाटत होतं की आई बापाची आठवण जपते आहे.

पण मग हे घडवलं कुणी? ऑस्ट्रियानं, बोहेमियानं, की गाणाऱ्या मितवल्लीनं? नव्वारानं ते तांताच्या बाजारातून घेतलं असेल. तांताच्या बाजारात कैरोचा माल यायचाच. म्हणजे बापाचा हात लागला नाही, असंही कुणी सांगू शकत नाही. लागला, असंही नाही. वगीहाचं डोकं भणभणलं. जे पक्कं होतं ते ओघळून गेलं, आणि त्याच्या जागी धड ‘नाही’सुद्धा आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ती हाजी बय्यूमींपुढं उभी राहिली.

“हाजी, पाटीवरचं नाव काढा.”

“काढा? कालपरवा घातलं, आज काढा? का? लोक काय म्हणतील? काहीबाही म्हणतील!”

तिनं सगळं सांगितलं. बय्यूमी ऐकता ऐकता खाली बसले. बराच वेळ त्यांनी स्वतःला एकही प्रश्न विचारला नाही. मग हळूच म्हणाले, “हे बघा, ताई. नव्वाराचं नाव घालूच, वर घालू. पण तुमच्या वडलांचं राहू द्या खाली. त्यांनी भांडी केलीच नाहीत असं तुम्ही तरी कुठं म्हणताय? भला माणूस होता. कुणाचं काय जातंय? कुणाचंच काही जात नाही.”

वगीहानं पाटीकडं पाहिलं. तिला हो म्हणायचं होतं. एवढंच एक ठिकाण होतं. इथून पुसलं की पुन्हा कुठंच नाही. ना दगड, ना अक्षर, ना चारशे तोंडं. हाजी स्वतः म्हणत होते राहू द्या.

“हाजी,” ती म्हणाली, “आमच्या दारात कुणी येत नव्हतं तेव्हा ती आली. तिच्या भांड्यावर माझ्या बापाचं नाव लावून मी चारशे माणसांना जेवायला कशी बसवू? घास घशाखाली उतरेल का कुणाच्या? माझ्या तर नाही उतरणार.”

“मग वडलांना कुठं आठवणार तुम्ही?”

“ते मला माहीत नाही,” वगीहा म्हणाली.

रविवारी पहाटेच तिनं मसूर चढवला, कांदा-जिऱ्याची खमंग फोडणी दिली. बारा माणसांचं पातेलं काठोकाठ भरलं, झाकण बांधलं, आणि डोक्यावर चुंबळ ठेवून ते उचललं. नबविया बरोबर होती. भर बाजारातून दोघी निघाल्या. अंतर तीनचाकीवरून ओरडला, “खाला, विकायला काढलंत का शेवटी?”

“नाही रे बाबा,” नबविया म्हणाली, “परत करायला निघालोय. तुझ्या धंद्यात बसत नाही ते.”

पंगत बसली. वाफा निघाल्या. हाजी बय्यूमी उभे राहिले. पाटीवर एक ओळ पुसलेली होती, आणि वर एक नवी, रंग अजून ओला. त्यांनी वगीहाकडं एकदा पाहिलं. अजूनही ती काही म्हणेल का, म्हणून. तिनं वाचा म्हणून मान हलवली. त्यांनी वाचलं: “नव्वारा. जिनं बंद दारांपुढं अन्न ठेवलं.” चारशे ओंजळी उघडल्या. नबविया खाला इतक्या मोठ्यानं फातिहा म्हणाली की पुढच्या ओळीतले लोक वळून बघायला लागले. मग पुढचं नाव, मग त्याच्या पुढचं. यादी संपली. लोकांनी भाकरी मोडली.

वगीहानं मसुराचा घास घेतला. तो घशाखाली उतरला. डोळ्यांतलं पाणी आपल्यासाठी, आईसाठी, नव्वारासाठी की त्याच्यासाठी, ज्याचं नाव वाचलं गेलं नाही, ते तिला काही केल्या उमगलं नाही. शेजारणीनं विचारलं, कांदा झोंबला का? ती हो म्हणाली.

मंडळी, पाटीवर ते नाव आजही नाही, आणि ते तसंच बरोबर आहे. पण पाटीला जागा नसली तरी तुम्हाला तोंड आहे. म्हणून एवढीच विनंती. आज घरी जाऊन ताटावर बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी एका माणसाला आठवा. तो गायचा की नाही, ते विचारू नका. काणा होता की लांबडा, तेही विचारू नका. कफ्र सनादीलचा मितवल्ली, फहीमाचा नवरा, वगीहाचा बाप. त्याला तेवढं आठवा.